न खाल्लेली भजी

मला एका जागी बसवेना. नौबादच्या घरात सकाळपासून स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. अण्णाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, रक्ताचा शेवटचा रिपोर्ट आज येणार होता. गोळ्या संपून तीन महिने झालेले. आता विषाणू सापडला नाही तर सुटला बिचारा, सापडला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि हा बाबा इथं जवळच कोळारच्या गोदामात ड्यूटीवर! फोनवर म्हणतो, "कामून तळमळायलीस? रिपोर्ट माझाय का तुझा?"

तसा तो माझाही होता. लहानपणी गावी, हुलसूरला, ताप आला म्हणून आम्हा दोघांना बहुतेक एकाच सुईनं टोचलं होतं. पुढं दोघांनाही कावीळ झाली. अव्वानं, आमच्या आईनं, दोघांच्या डोक्यावर काविळीची माळ घातली. माळ वाढत वाढत पायाशी उतरली की कावीळ गेली म्हणायचं. दोघांच्याही उतरल्या. पण मोठेपणी अण्णाच्या लिव्हरमध्ये हेपटायटिस सी निघाला, माझ्या रक्तात मात्र तो येऊन गेल्याची नुसती खूण. अव्वाचा निकाल तयारच होता, "हिनं पथ्य पाळलं, ह्यानं बाजारात भजी हाणली."

अण्णा गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथेवर सांगायचा, "खाल्लो न्हाई गं अव्वा!" कोण ऐकतंय! हेपटायटिसवरच्या जुन्या इंजेक्शनांनी त्याचं अंग मोडून काढलं, केस गेले, गुण काही आला नाही. तेव्हाही अव्वाचं तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नव्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. काहींचं शरीर हा विषाणू आपणच हाकलतं, काहींचं नाही. त्यात आईबापाकडून आलेल्या जनुकांचाही हात असतो. सख्ख्या भावंडांतही वाटणी वेगळी पडते. जुन्या इंजेक्शनांचा गुण आला नाही तोही बहुधा त्यामुळंच. नव्या गोळ्यांना त्यानं फारसा फरक पडत नाही.

दुपारी फोन आला. विषाणू नाही! मी एकटीच हसले, रडले, दूध उतू गेलं तेही कळलं नाही. संध्याकाळी अण्णाला घेऊन तडक हुलसूर गाठलं.

अव्वानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "बघ, ह्या बारीला पथ्य पाळलास, बरा झालास."

झालं! माझं डोकंच फिरलं. "अव्वा, पुरे कर तुझं भजीपुराण! पथ्याचा काय बी संबंध न्हाई. आईबापाकडून जे रक्तात येतंय ना, त्याच्यानं हे झालंय. डॉक्टरच म्हनले."

अण्णा माझ्याकडं बघतच राहिला. आजवर त्याच्या बाजूनं कुणी असं बोललंच नव्हतं.

अव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "म्हंजे... माझ्यामुळं व्हय रं?"

अण्णाचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि मधूनच खाली आला.

"काय बी सांगायलीय ही, अव्वा," तो म्हणाला. "खाल्लो होतो की भजी. पोटभर खाल्लो होतो."