हळदीकुंकू लागलेली फ्लॉपी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. उलट परभणीत खोटी भुतं सोडणाऱ्यांत माझा पहिला नंबर! चिंचेवरची पांढऱ्या लुगड्यातली बाई मीच सोडलेली... पुढं चार जणांनी ती शपथेवर ‘बघितली’ म्हणून मलाच सांगितलं. त्यामुळं मी तोंड उघडलं की लोक आता गालात हसतात. हसा बापडे. पण हे एवढं खरं आहे.

एक्याण्णव-ब्याण्णवचा सुमार. स्टेशन रोडला एका दवाखान्याच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. जिल्ह्यातला पहिला — निदान मी तसंच सांगायचो. दोन मशिनी, त्यातली एक चालू. चपला बाहेर काढल्याशिवाय प्रवेश नाही. पालमहून येणारी पोरं दारातूनच मशिनीला नमस्कार करायची, तो मी स्वतःकडं वळता करून घ्यायचो.

अक्का, माझी थोरली बहीण, पिंगळीला दिलेली. दाजी तिथंच मास्तर. दाजींच्या थोरल्या भावानं ऊसतोडीला जाऊन जाऊन यांना शिकवलं, आणि त्या साली तो फडातच वारला. तेव्हापासून दाजींचं बोलणं बंद. शाळेत पाढे म्हणून घ्यायचे, घरी आले की भिंत. झोप नाही, जेवण नाही. खालचे डॉक्टर म्हणाले, “मास्तर, मनात येईल ते वहीत लिहीत जा. हलकं वाटेल.”

आता आमच्याकडं वही म्हणजे! घरात नऊ माणसं. दाजींनी पहिल्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी पुतण्यानं चुलीपुढं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. दाजींनी वही मिटली ती मिटलीच.

तिथं माझी फुशारकी आडवी आली. म्हणालो, “दाजी, अशी वही बनवतो की देवाच्या बापाला वाचता यायची न्हाई!”

आणि बनवली. अख्खा उन्हाळा घालवून बेसिक नावाच्या मशिनीच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. चालू केला की आधी गुप्त शब्द विचारायचा. मग हिरव्या अक्षरांत — मराठी अक्षरं तेव्हा मशिनीत कुठली, इंग्रजी लिपीतच — विचारायचा: आज मन कसं आहे, एक ते पाच? झोप लागली? कुणाशी बोललात? आणि खाली मनातलं लिहायला मोकळी जागा. आज लोक मोबाईलमध्ये असलंच काहीतरी घेऊन हिंडतात. आम्ही परभणीत तेव्हाच केलं होतं, आणि ही थाप नाही.

दाजी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडीनं यायचे. एका बोटानं खट्... खट्... करत तासभर बसायचे. मी बाहेर थांबायचो. त्या दिवसाचं लिखाण त्या तारखेच्या नावानं फ्लॉपीवर जमा. तेव्हाची फ्लॉपी म्हणजे काळी, पातळ, चौकोनी. मधल्या फटीतून आतली तपकिरी चकती दिसायची. तिला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही.

खंडेनवमीला क्लासात मशिनींची पूजा ठेवली. अक्का ताट घेऊन आली.

“ह्यांचं लिहिलेलं कशात हाय रे?”

“ह्या फ्लॉपीत. दाजींचं सगळं मन हाय ह्याच्यात, अक्का!”

मी पेढे आणायला खाली गेलो. वर येऊन बघतो तर अक्कानं फटीत, नेमकं त्या चकतीवर, हळदीकुंकू लावून वर ओल्या अक्षता दाबलेल्या. मनाला लावायचं म्हणजे जिथं दिसतंय तिथंच लावणार ना! डोळे मिटून, हात जोडून उभी होती. चकतीवरचं लिखाण गेलंच म्हणायचं. आणि दुसरी कॉपी... जिल्ह्यातल्या पहिल्या क्लासच्या मालकानं काढलीच नव्हती.

त्या माणसाला मोकळं व्हायला एकच कोपरा होता, तोही आम्ही बहीण-भावांनी मिळून बुजवला. काय तोंड दाखवू? शनिवार आला, दाजी आले नाहीत. पुढचाही गेला. पहिल्यांदा हायसं वाटलं. दुसऱ्यांदा नाही.

मंगळवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. दुकानं बंद, एसट्या डेपोत. भर दुपारी मी शटर अर्धं ओढून एकटाच स्पिरिटच्या बोळ्यानं चकती पुसत बसलो. मशिनीत घातली. घर्र घर्र... एरर. पुन्हा पुसली. पुन्हा एरर. असं पन्नास वेळा — बरं, दहा वेळा. आणि मग यादी उघडली. जुनी नावं सगळी गेलेली. एकच फाईल. नाव — त्याच दिवसाची तारीख.

आमच्या मशिनीला आपोआप तारीख कळायची नाही, हातानं टाकावी लागायची. मी टाकलीच नव्हती.

उघडली, तर गुप्त शब्दही न विचारता उघडली. मन: शून्य. माझा प्रोग्राम एकाच्या खालचा आकडा घेतच नाही हो! झोप: नाही. कुणाशी बोललात: कुणाशीच नाही. आणि खाली — ‘मी निघालो. घरी सांगितलं नाही. पिंगळी टेसनावर बसलोय. कुणी थांबवलं तर थांबेन.’

सायकल काढली. शटर तसंच उघडं. पिंगळी तासाभराची वाट, मी पाऊण तासात गाठली. ह्यात वाढवून काही नाही. छातीचा भाता झालेला, आणि डोक्यात एकच — गाडी गेली असेल का?

दाजी फलाटाच्या पार टोकाला बाकावर. मांडीवर कापडी पिशवी. सिग्नल पडलेला.

“दाजी!”

त्यांनी बघितलं. “तू रे? बंद असून कसा आलास?”

“सायकलवर. घरी चला.”

“कुणी सांगितलं तुला?”

मी, आयुष्यभर थापांवर जगलेला माणूस, आणि त्या घटकेला खरं सांगायला जीभ वळेना. म्हणालो, “अक्कानं.”

“तिला कसं कळलं? मी शाळेत जायलो म्हणून निघालोय.”

“तिला कळतंय, दाजी.”

गाडी आली. थांबली. गेली. दाजी पिशवी घट्ट धरून बसून राहिले. मग उठले आणि माझ्या सायकलला हात लावून चालायला लागले.

अक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. दाजींनी तिला सरळच विचारलं, “तुला कळलं होतं का गं?”

अक्कानं माझ्याकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, “मंग? मला न्हाई तर कुणाला कळायचं? हातपाय धुवा, भाकर टाकते.”

त्या दिवशी दाजी चुलीपुढं बसून दिवेलागणीपर्यंत बोलत होते. सगळं भावाविषयी. अक्का भाकरी करायची थांबली नाही. नऊ माणसांच्या घरात सत्तर भाकरी झाल्या असतील! पुढं डॉक्टरांकडं जाणं-येणं चालू राहिलं, हळूहळू झोपही लागू लागली.

महिन्याभरानं दाजी मला म्हणाले, “तुझ्या मशिनीत मी कायच लिहिलं न्हाई रे. भावाचं नाव टाकायचो अन् पुसायचो. दर शनिवारी तेवढंच.”

ती फाईल पुन्हा कधी उघडेना. औरंगाबादच्या एका जाणकाराला फ्लॉपी दाखवली. तो पोट धरून हसला. “हिच्यावर एक अक्षर उमटायचं नाही, कुंकवानं खरवडलीय पार!”

आणि अक्कानं मला एकटं गाठलंच. “मी तुला कवा सांगितलं रे?”

सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “ह्यांना बोलू नको. मला कळलं म्हणून ते माझ्याशी बोलायलेत.”

दाजी आता सत्तरीच्या पुढं आहेत. मन खाली गेलं की आपणहून अक्काजवळ जाऊन बसतात, म्हणतात, “तुला कळणारच हाय, त्यापेक्षा मीच सांगतो.” अक्का मान हलवते. मी समोर असलो तर चहाच्या कपात बघतो.

ते शब्द कुणी लिहिले? मला माहीत नाही. दाजी तिकडं टेसनावर, फ्लॉपी इकडं माझ्या हातात, अक्का अंगणात. कधी वाटतं, फलाटावर मी मारलेली थाप थाप नव्हतीच, अक्कानंच कळवलं. तिला तसं विचारलं तर ती माझ्या तोंडाकडं बघत राहते आणि म्हणते, “मला खरंच काय म्हाईत नव्हतं रे.”