बंबवाले, असामी बारा

अनंता वर्दे गेल्याचा निरोप मुलुंडहून आला तेव्हा माझं मशीन त्याच्याच पुस्तकासाठी थांबून होतं. घाटकोपरला माझा छोटा छापखाना आहे. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा जुळवलेला टाइप, दोन वर्षं बांधून अडकलेला, आणि हा गृहस्थ अगदी शेवटच्या आजारापर्यंत हो म्हणेल तर शपथ. निरोप ऐकून पहिल्यांदा मला रागच आला. आजही तो पुरता उतरलेला नाही.

अनंता सरकारी कचेरीत कारकून. तीस वर्षं साहेबांच्या सहीसाठी मसुदे लिहिले, त्यातल्या एकाखालीही याचं नाव नाही. सुटी घेऊन दप्तरखान्यात बसायचा आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातल्या आगी कशा विझवल्या याचे कागद वाचायचा. तेव्हा बंबखाना पोलिसांच्या हाताखाली होता. कापसाची गोदामं पेटायची, हातबंब ओढत न्यायचे, दोन्ही बाजूंनी माणसं दांडा खालीवर करायची तेव्हा कुठे पाणी उडायचं. विहीर कुणाची, हुकूम कुणाचा, शिडी कुठल्या खात्याची, यावर आग विझल्यानंतरही तीन कचेऱ्यांमधला पत्रव्यवहार पेटता राहायचा. हे सगळं त्याने झकास लिहिलं होतं. मी हौसेने छापायला घेतलं.

आणि एका पानाने वाट लावली. एका मोठ्या आगीच्या अहवालात साहेबाचं नाव होतं, साहेबाच्या घोड्याचंही होतं. पुढे नुसतं, ‘बंबवाले, असामी बारा’. यातले काही भाजून मेले होते. अनंता म्हणाला, या बाराजणांची नावं मिळाल्याशिवाय पुस्तक निघणार नाही. बंबावर तिकडची माणसं असत असं कुठेसं वाचून मग हा खारदांड्याला, अंधेरीच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत दारोदार विचारत फिरला की तुमच्यात पूर्वी कुणी बंबावर होतं का. एका म्हातारीने ‘हाय ना बाबा, ये, दाखवते’ म्हणत त्याला थेट न्हाणीत नेलं आणि पाणी तापवायचा तांब्याचा बंब दाखवला. ते मला सांगताना तो हसून हसून बेजार. मला हसू येत नव्हतं. माझा टाइप अडकला होता.

शेवटी वैतागून मी म्हटलं, राम, लक्ष्मण, पांडू, काय वाट्टेल ती बारा नावं घाल, तपासायला कोण येतंय? तो उठला. मग म्हणाला, “तुम्ही छापा, तुम्हाला हवं ते.” पहिलीपासूनच्या मैत्रीत त्याने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. नंतर महिनाभर तो आला नाही. मी चुकलो होतो, पण जाऊन तसं सांगितलं नाही... ते आता लिहितोय.

पुढे अनंता आजारी पडला; आजार वाढला तेव्हा त्याच्या बायकोने, सुमतीवहिनींनी, मला बोलावून घेतलं. तो पुन्हा अरे-तुरेवर आला होता, तेवढ्यानेच मला भरून आलं. म्हणाला, “नावं नाही मिळाली रे. बारा ओळी मोकळ्या सोड. एक ते बारा आकडे मात्र घाल.” मी म्हटलं, लोकांना वाटेल टाइप गळला. तर म्हणे, “वाटू दे ना.”

तो गेल्यावर आठवड्याभरात पुस्तक काढलं. व्हायचं तेच झालं. पान कोरं आहे, प्रत बदलून द्या, अशी पत्रं आली. प्रत्येकाला उत्तर लिहिताना मी अनंताला शिव्या घातल्या. परवा अंधेरीहून आणखी एक प्रत परत आली. तीही तक्रारच समजून उघडली. त्या पानावर, चौथ्या आकड्यापुढे, शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बस्त्याव, गाव मरोळ’. सोबत चिठ्ठी होती: माझ्या आजीचे वडील. आगीतून परत आले नाहीत. जागा सोडलीत म्हणून लिहिलं.

दीड महिना उशिरा! गाढवा, आता हे मी कुणाला सांगू? आणि नुसत्या चिठ्ठीवर तू ते नाव घेतलं नसतंस, हेही मला ठाऊक आहे. चर्चमधली बाप्तिस्म्याची वही बघ, म्हातारी माणसं गाठ, असं म्हणाला असतास. तेव्हा आज छापखाना बंद ठेवून मी मरोळला निघालोय. अजून अकरा राहिलेत.