मामंजींचा हिरवा चहा

सात मार्च १९७४, गुरुवार. हरभऱ्याच्या पाल्याची वाळलेली भाजी डब्यांत भरायचं काम काढलं होतं. हट्टा गावातल्या आमच्या घरात एकसारखे पाच डबे होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. कशात काय आहे ते मला पाठ होतं. (असं मी सगळ्यांना सांगत असे.)

त्याच दिवशी धाकटे दीर सुटीवर आले. फौजेत होते, आसामात. येताना कापडी पिशवीत हिरव्या चहाचा पाला आणला, खास मामंजींसाठी. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गालात आतून महिनाभर जखम होती आणि ती भरत नव्हती. जन्मभराची तंबाखू. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, ओठांवर कुणी आणत नव्हतं. दिरांनी आणला.

"वैनी, जपानात हाच पितात. अंगात रोगाशी लढायची ताकद येते. कॅन्सर तर जवळच येत न्हाई म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"आमचे सुभेदार."

मला वसमतचा डॉक्टर हवा होता. मामंजींना सुभेदार पटले. "डाक्टर काहून पाहिजे? चहा हाय ना."

मी चहाही एका डब्यात भरला आणि रोज दोनदा उकळून देऊ लागले, दूध-साखरेशिवाय. मामंजी तोंड वाकडं करून पीत. "आंबट हाय. औषध म्हटल्यावर असंच असंल." आठवड्यात त्यांना ताकद जाणवू लागली. पारावर बसून ते जपानची माहिती देऊ लागले. शेजारच्या दोन म्हाताऱ्या वाट्या घेऊन आल्या. एकीचे गुडघे दुखत होते. मी पाणी वाढवलं. जखम होती तिथेच होती, आणि दवाखान्याचं नाव काढलं की मामंजी कप पुढे करत.

दुसऱ्या रविवारी भाजी केली. डाळ, लसणाची फोडणी, सगळं बराबर. पहिल्याच घासाला सासूबाई थांबल्या.

"सूनबाई, काय घातलं हिच्यात? कडूजहर हाय."

दिरांनी भाजीचा वास घेतला. मग उठून एकेक डबा उघडला. "वैनी, तुमी चहाला फोडणी दिली."

"मंग मी धा दिवस काय पिऊन राहिलो?" मामंजींनी विचारलं.

"हरभरा," मी म्हणाले.

मामंजींनी ताट सरकवलं. "चहा उरला का काही?"

"न्हाई. सगळा शिजला," दीर म्हणाले.

मामंजींनी हात धुतला. "उद्या पहिली यष्टी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना वसमतला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड पाहिलं. तुटक्या दाढेची धार गालाला घासत होती. त्यांनी इंजेक्शन देऊन दाढ काढली, तंबाखू बंद करायला सांगितली, आणि पंधरा दिवसांत जखम भरली नाही तर पुन्हा आणा म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "इतके दिवस औषधपाणी कोण करत होतं?"

मामंजींच्या तोंडात कापूस होता. त्यांनी मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हणाले, "त्यांना अजून गुंगी आहे, डॉक्टर."