सैल तारांपासून

सोळा वर्षं मी माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे बसून तंबोरा छेडला. तंबोऱ्यावरच्या माणसाकडे कुणी बघत नाही, आणि बघावं असं त्यानं काही करूही नये, अशी रीत.

मग मी विश्वाच्या जन्मावर एक रचना बसवली, नुसत्या तंबोऱ्याची. चारही तारा पार सैल सोडायच्या, म्हणजे फक्त घरघर ऐकू येते. मग छेडता छेडता खुंट्या पिळत वीस मिनिटांनी षड्जावर यायचं. सूर आधी नव्हताच, तो घडला, एवढंच मला म्हणायचं होतं. हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये रोज दीड तास डोक्यात दुसरं काही नसायचं.

बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तंबोरा आत लावून यायचा असतो. लोकांसमोर खुंट्या पिळणं म्हणजे पाहुण्यांसमोर वेणीफणी करणं. हे केलंस तर माझ्यामागे पुन्हा बसू नकोस."

घरी येऊन खूप रडले. पण संगीत मंडळाच्या कार्यक्रमात माझं नाव लागलं होतं, ते काढलं नाही.

शनिवार पेठेतल्या लहानशा सभागृहात, रविवारी सकाळी, बाईंच्या गाण्याआधीची वीस मिनिटं माझी होती. मी सुरू केलं. लोकांना वाटलं, अजून तंबोराच लावते आहे. त्यांच्या गप्पा चालूच. पुढच्या रांगेत मंडईतल्या मटारचा भाव निघाला. सातव्या मिनिटाला मंडळाचे कार्यवाह मंचाशी आले.

"अहो, आपण सुरू कधी करताय?"

"सुरूच आहे," मी म्हणाले. माइकवरून ते सगळ्यांनी ऐकलं.

गप्पा थांबल्या. दोघं उठून गेले. जाईनात का. चीड आली होती, पण मी एक खुंटीसुद्धा घाईनं पिळली नाही. चारही तारा जुळल्या तेव्हा वीस मिनिटं पुरी झाली होती.

"तंबोरा उत्तम लागलाय," पुढचे एक आजोबा म्हणाले. "आता गाणार कोण?"

बाई येऊन बसल्या. तंबोऱ्याला कान लावला. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मग मान न वळवता मागच्या गादीवर हात थोपटून म्हणाल्या, "बस."

म्हणजे मला माफी होती. पण मी मागितली कुठे होती? माझ्या जागी बसायला आलेल्या त्यांच्या दुसऱ्या शिष्येच्या हाती तंबोरा दिला आणि खाली जाऊन लोकांत बसले.

बाईंनी सा लावला. डोळे मिटताना त्यांची डावी भुवई किंचित वर जाते. सोळा वर्षांत मला हे माहीत नव्हतं.