नणंदेने भाव सांगितला नाही

माझ्या नणंदेचं तोंड म्हणजे बिनब्रेकची गाडी. हे मी तिच्यासमोरही म्हणते, आणि ती म्हणते, "वहिनी, तुझ्या गाडीला तर हॉर्नही आहे." आमचं हे असंच चालतं. पण जुन्या मोटरसायकलींच्या बाबतीत तिचा शब्द अख्ख्या शहरात चालतो. कुणाच्या आजोबांची गाडी अडगळीतून निघाली, कुणी हौसेपायी लिलावात काही घेऊन बसला, की माणसं आमच्या वर्कशॉपच्या दारात येतात आणि विचारतात, "पारखी आहे का?" तिचं तेच नाव पडलंय. पाटीवर मालक म्हणून नाव माझ्या नवऱ्याचं आहे, पण त्यांना कुणी काही विचारत नाही. हे रंगकाम करतात आणि मनातल्या मनात कुढतात.

गाडी आली की ती आधी मालकाला लांब बसवते. चकाकणाऱ्या बाजूकडे बघतच नाही. बुटक्या स्टुलावर बसते आणि खालून सुरुवात करते. टाकीचं झाकण उघडून वास घेते, चेसिसवरचा आकडा आणि इंजिनावरचा आकडा बोट फिरवून जुळवते, मग एकेका स्क्रूचं डोकं बघते. खाच झिजलेली दिसली की म्हणते, "इथे आधी कुणीतरी जेवून गेलंय." म्हणजे गाडी आतून उघडलेली आहे, भाव खाली.

या धंद्यात एक नियम आहे. माझ्या सासऱ्यांनी तो पाळला, बाकीचेही पाळतात. जो भाव सांगेल त्याने ती गाडी घ्यायची नाही. सांगणारा आणि घेणारा एकच झाला तर त्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? एकाने मागे हा नियम मोडला, तर पुढे त्याच्या दारात कुणी सायकलसुद्धा आणली नाही.

आता तिच्या पायाबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण बारीक, आणि चार बोटं आखूड. लंगडते, तरी चालण्यात मला मागे टाकते. गाडी चालवायचं तेवढं राहिलं. चालवणं अवघड नाही हो, थांबणं अवघड. मोठी गाडी थांबली की पाय टेकावा लागतो. उजवा टेकवून भागेल असं आपल्याला वाटतं, पण गाडी काही विचारून कलत नाही. तरुणपणी एकदा तिने सासऱ्यांची मोटरसायकल काढली, कोपऱ्यावर थांबली ती थेट गाडीखाली गेली, खांदा निखळला. तेव्हापासून तिने दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी हे चालवून बघतात, आणि ती मागे बसून सांगते, डावीकडे ओढतेय. एकाने तिला सुचवलं, दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घ्या. त्याला तिने असं फैलावर घेतलं की तो बिचारा दुरुस्तीला आणलेली स्वतःची स्कूटर न घेताच निघून गेला.

तर एका सकाळी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई टेम्पोतून एक गाडी घेऊन आल्या. त्यांचे यजमान जहाजावर होते. ते वारल्यावर बाईंनी खोली आवरायला काढली, तर जुन्या गाद्यांच्या खाली ही सापडली. मिनीबाइक. कारच्या डिकीत मावावी अशी बनवलेली. दोन मुठी फिरवल्या की हँडल दुमडतं, चाकं ताटाएवढी, सीट मात्र गुबगुबीत. टाकीचा लाल रंग जागोजागी उडालेला. साखळी गंजून काठीसारखी ताठ झालेली, इंजिन जाम.

"हे काय, मोटरसायकलचं पिल्लू?" हे हसले.

नणंद हसली नाही. स्टूलही ओढलं नाही तिने. हातातलं फडकं खाली टाकलं, उजवा पाय पलीकडे टाकला आणि सरळ गाडीवर बसली. मी चहा घेऊन आले होते, म्हणून मला दिसलं. तिचे दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले होते. गुडघे वाकवूनसुद्धा. ती काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला धडकी भरते.

मग उतरून तिने नेहमीसारखी गाडी तपासली. आकडे जुळले. एकाही स्क्रूला कुणी हात लावलेला नव्हता. रंग कारखान्यातलाच. तिचा चेहरा बघूनच मला कळलं की गाडी मोलाची आहे.

"मग काय येईल हिचं?" बाईंनी विचारलं.

"भाव मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मला घ्यायचीय."

ह्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. तिला बाजूला घेऊन हे कुजबुजू लागले, पण ह्यांचं कुजबुजणं म्हणजे अर्ध्या गल्लीला आमंत्रण. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? असली गाडी सोनार कधीपासून शोधतोय. कुठल्याशा हॉटेलात काचेच्या पेटीत ठेवायचीय त्याला. आणि तू या वयात पोरांच्या गाडीवर बसून फिरणार? लोक हसतील."

"हसू देत. दात त्यांचे," नणंद म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, जन्मभर तुमच्या मागे बसून तिने तुम्हाला सांगितलं गाडी कुठे ओढतेय ते. कधी विचारलंत, तुला पुढे बसायचंय का?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही चहाची किटलीच बोलायला लागली.

पण बाई शहाण्या होत्या. "पारखी, तुला द्यायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण भाव कळल्याशिवाय देऊ कशी? कमी घेतले तर मला रात्री झोप नाही, जास्त घेतले तर तुला तोंड दाखवता येणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. ह्यांनी तेवढ्यात फोन काढून सोनाराला बोलावून घेतलं. बहिणीच्या भल्यासाठीच, असं आजही म्हणतात.

सोनार म्हणजे काही खरा सोनार नव्हे. जुन्या गाड्यांचा व्यापारी. नट-बोल्टसुद्धा सोन्याच्या भावाने विकतो म्हणून हे नाव. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर चष्मा. आला, गाडी बघितली, आणि तोंड वाकडं केलं. घ्यायची असली की तो तोंड वाकडं करतो, हे आम्हाला पाठ आहे. "भंगार आहे बाई," तो म्हणाला. "तुमची अडचण म्हणून उचलतो."

नणंदेला गप्प बसणं भाग होतं. ती घेणारी, तिने एक शब्द बोलून चालत नव्हतं. ओठ मिटून उभी होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. इतकी वर्षं जी सगळ्यांना खरं सांगत आली, तिच्यासमोर हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता आणि तिची वाचा बांधलेली. माझी कुठे बांधलेली होती?

"मी म्हणतच होते ह्यांना," मी चहा ओतत म्हटलं, "सोनारभाऊंना कशाला त्रास देता. मोठ्या गाड्यांतलं त्यांना कळतं, पण या छोट्या गाड्यांची पारख वेगळी. म्हणून तर लोक नणंदबाईंकडे येतात. तुम्ही चहा घ्या भाऊ, वाईट वाटून घेऊ नका."

चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "मला कळत नाही?"

"नसेल कळत एखाद्याला. त्यात काय एवढं."

"अहो वहिनी, इकडे या. हा आकडा बघा, आणि हा बघा. जुळतात. हे स्क्रू बघा, कारखान्यातून निघाल्यापासून पाना लागलेला नाही. हा रंग. रंग बघा हो. असा रंग उडालेलासुद्धा सोन्यासारखा. या शहरात अशी दुसरी गाडी निघाली तर मिशी उतरवीन." आणि त्या भरात त्याने भाव सांगितला. पुरा भाव. एक पैसा मागे न ठेवता, बाईंच्या तोंडावर, दारात जमलेल्या चार लोकांच्या देखत.

मी किटली खाली ठेवली.

"ऐकलंत ना बाई?" नणंद म्हणाली. "भाव सोनारांनी सांगितला."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा पडला की मला एक क्षण त्याची दयाच आली. एकच क्षण. नियम मोडायची त्याची छाती नव्हती, दारातल्या लोकांनी दुपारपर्यंत शहरभर केलं असतं. "पण एवढे पैसे तू आणणार कुठून?" तो शेवटी म्हणाला.

नणंदेने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सासऱ्यांची मोठी मोटरसायकल उभी होती. जिच्याखाली ती सापडली होती तीच. सासऱ्यांनी जाताना ती तिच्या नावावर केली, आणि चालवत आले हे. दर रविवारी बाहेर काढायची, फेरी मारायची, आरशात स्वतःला बघायचं. "ती घेऊन जा," नणंद म्हणाली. "हिच्या बदल्यात ती. आणि तिचा भाव मी सांगते, म्हणजे पुढे मन पालटलं तरी मला परत घेता यायची नाही."

"बाबांची गाडी आहे ती," हे म्हणाले.

"बाबांनी मला दिली दादा. मला. आणि मी तिची धूळ पुसत बसले. तुला एवढी हवी असेल तर तू घे, पैसे तू भर." हे त्या दिवशी जेवले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

व्यवहार झाला. मोठी गाडी सोनाराने घेतली आणि तिचे पैसे बाईंच्या हातात मोजले. सोनाराला दुसरी गाडी फायद्यात पडली होती, त्यामुळे राग विरघळला. जाता जाता मोठेपणाने सांगू लागला, "पारखी, हिला हात लावू नकोस. रंग तसाच ठेव, पाना लावू नकोस. अशीच झाकून ठेवलीस तर काही वर्षांत दुप्पट होईल." हेच ती स्वतः हजार गिऱ्हाइकांना सांगत आली होती. गाडी पुसायची, जपायची, पण मूळ रंगाला आणि धातूला धक्का लावायचा नाही.

तिने ड्रिल मशीन उचललं.

गियर डाव्या पायात होता. त्या पायात तेवढा जोर नाही, म्हणून गियर हाताने टाकायचा दांडा वर आणायचा, आणि त्यासाठी चेसिसला भोक पाडायचं, हे तिने गाडीवर बसल्या क्षणीच ठरवलं असणार.

"अगं ए, थांब," सोनार धावला. "तिथे भोक पाडलंस तर निम्मी किंमत गेली."

"निम्मीच?" ती म्हणाली. "मग दोन पाडते."

आणि पाडली. लोखंडाचा कीस फरशीवर पडत होता, आणि सोनार तोंड फिरवून उभा होता.

पुढचा महिना ती त्या इंजिनाच्या मागे लागली. जाम पिस्टनवर तेल ओतून दिवसेंदिवस भिजत ठेवलं, कार्बुरेटर उकडून साफ केला, साखळी नवी घातली. ह्यांनी आठवडाभर अबोला धरला, मग एक दिवस न विचारताच त्या दोन भोकांच्या कडांना लाल रंग लावून दिला. हुबेहूब जुन्यासारखा.

गाडी सुरू झाली त्या सकाळी ती एकटीच फाटकाबाहेर पडली. हे मागे पळत होते, सीट धरायला हात पुढे करून. "हात काढ, दादा," ती ओरडली, आणि ह्यांनी काढला. मोठ्या रस्त्यावर गेली, वीस पावलांवर थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. पुढे जाऊन आणखी एकदा.

"बंद पडतेय," हे म्हणाले. "पेट्रोल पोहोचत नसेल. मी बघून येतो."

मी ह्यांचा दंड धरला. मला दिसत होतं. इंजिन चालूच होतं. ती मुद्दाम थांबत होती. भर रस्त्यात, दोन्ही पाय जमिनीवर रोवून, हँडलवरचे हात सोडून उभी राहत होती, आणि मनात आलं की निघत होती.

मागे एक ट्रक येऊन अडला होता आणि हॉर्नवर हॉर्न देत होता. ती हलली नाही. वाजव म्हणावं लेका, किती वाजवायचा तेवढा.