चौदा पहिले नंबर

लढाऊ विमानांच्या इंजिनांवर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेत चौदा प्रकल्प होते आणि चौदाही पहिल्या क्रमांकाचे होते. निदान प्रत्येक प्रकल्पप्रमुखाने अर्जात तसं लिहिलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम शास्त्रज्ञांना जरा जास्तच लागू पडतो. या चौदा बाब्यांची रांग लावायचं काम नियोजन विभागातल्या माझ्या वहिनींकडे होतं. त्यांनी उभ्या आयुष्यात इंजिन उघडलं नव्हतं, पण माणसाच्या आत काय चाललंय ते त्यांना झाकण न काढता कळायचं.

यंदा पेच खरा होता. उंचावरची थंड, विरळ हवा तयार करून तिच्यात इंजिन चालवून बघायचा कक्ष एकच, आणि वर्षभरात त्यात एकच प्रकल्प बसणार होता. मी नऊ वर्षं टर्बाइनच्या नव्या पात्यांमागे होतो. मला तो कक्ष हवाच होता. घरी जेवताना मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा वहिनींनी मला भाजी वाढली.

बैठकीत त्यांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. "स्वतःचा सोडून दुसऱ्या कोणाच्या प्रकल्पाला कक्ष द्यावा, ते लिहा. खाली सही करा. जास्त मतं, त्याला कक्ष."

तगड्या प्रतिस्पर्ध्याला मत देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. म्हणून ज्याला कोणी विचारणार नाही असा प्रकल्प मी शोधला. तो आजोबांचा होता. आजोबा म्हणजे पुढच्या वर्षी निवृत्त होणारे आमचे सगळ्यांत ज्येष्ठ सहकारी. नवं काही करायचं सोडून, हवाई दलाची जुनी इंजिनं फार उंचावर मध्येच का विझतात, ते शोधत बसलेले. त्यांचं नाव लिहून मी स्वतःवरच खूश झालो.

चिठ्ठ्या उघडल्या. आजोबांना तेरा मतं पडली होती. तेरा जणांनी हाच शहाणपणा केला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर तेरा बैल एकदम रिकामे. बरं, खाली सह्या होत्या, तेव्हा तक्रार करायची कोणत्या तोंडाने?

घरी येऊन मी भडकलो. "वहिनी, हे असंच होणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं की. पोरं आज त्याच जुन्या इंजिनांवर उडतायत, भावोजी. मी सरळ आजोबांचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही तेरा जणांनी वर्षभर माझं डोकं खाल्लं असतं."

"आणि माझी नऊ वर्षं?"

"गेल्या महिन्यातही पाती वितळलीच ना?"

खरं बोलणाऱ्याचा येतो तसा मला त्यांचा राग आला. त्यांनी पर्समधून चौदाव्या चिठ्ठीची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. ती आजोबांची होती. 'पात्यांना द्या. हा माणूस नऊ वर्षांत थकलेला नाही, त्याला आणखी थांबवू नका.' कारण लिहायला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा सगळ्यांच्या खोल्यांत जाऊन आभार मानत होते. माझ्याकडे आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "माझ्या कामाचं मोल तुम्हाला कळलं, फार बरं वाटलं." मी मान खाली घालून हो म्हणालो.