कॉलेजची मोटार

मुलांनो, नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या. कॉलेजच्या मोटारीचा तपास मात्र अजून लख्ख आठवतो.

सत्तरच्या दशकाचा आरंभ. मी नगर जिल्ह्यात फौजदार होते. तिथल्या एका जुन्या कॉलेजात सुधारणा चालली होती. मुलींच्या वसतिगृहात लाकडांवर तापणाऱ्या बंबाऐवजी विजेचा बॉयलर येणार होता आणि ग्रंथालयात वाळ्याच्या ताट्यांच्या जागी मोठा कूलर. दोन्हींना पाणी चढवणारी नवी मोटार बसवण्याआधीच चोरीला गेली.

फिर्याद ठेकेदाराच्या मुकादमाने दिली. त्याचा संशय बंब पेटवणाऱ्या बाईवर.

"बॉयलर आला की तिचं काम जातंय, बाईसाहेब. तिनंच केलं."

प्राचार्यांनी तिला मुलींच्या देखत फाटकाबाहेर काढलंही होतं.

मी तिचा जबाब घेतला. "मोटार नेली कशी?"

"डोक्यावर!" ती फणकारली. "दोन गड्यांना उचलंना ती. मी काय म्हैस हाय व्हय?"

हवालदार हसला. मी जबाबात तेवढं नीट लिहून घेतलं.

"काम जाणार म्हणून राग नाही आला?"

"आला की. त्या धुराची मला माया न्हाई, पर पोट हाय. आता चोर म्हनल्यावर कोन दारात उभं करंल?"

पुढच्या आठवड्यात खबर आली : मुकादमाच्या पुणतांब्याकडच्या विहिरीवर मोटार बसली आहे. पंच घेऊन गेलो. नंबराची पट्टी खरवडलेली, अंगावर चिखल फासलेला.

"जुनीच हाय, लई वर्सं झाली," मुकादम म्हणाला.

चिखलावर ताजं कुंकू होतं. शेजारच्या मळ्यातल्या आजीबाईंना विचारलं.

"काल पूजा केली की! खोबरं वाटलं आमाला."

मी मुकादमाकडे वळले. "इतक्या वर्षांच्या मोटारीला काल नारळ फोडलात?"

नंबर खरवडायला तो कचरला नव्हता. नारळ न फोडता बटण दाबायला मात्र कचरला. त्याने कबुली दिली, कॉलेजच्या वायरमनने मोटार ओळखली.

प्राचार्य म्हणाले, "बॉयलर सांभाळायला माणूस लागेलच. तिला निरोप धाडतो."

मी हे तिला कळवलं, तर बाई म्हणाली, "निरोप नगं. ज्या पोरींसमोर काडलं, त्यांच्यासमोर सांगा."

मी तिच्याबरोबर गेले. वसतिगृहाच्या अंगणात मुली गोळा झाल्या. प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, "या बाईंनी चोरी केलेली नाही. माझी चूक झाली." बाईने पदर सावरला आणि ती कामाला लागली.

काम जाणार असणं हा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक होतं. त्या अंगणात दुसरी गोष्ट शिकले. संशय चारचौघांत घेतला असेल, तर तो चारचौघांतच मागे घ्यायचा. सेवा संपेपर्यंत मी तो नेम मोडला नाही. वरिष्ठ कुरकुरले, तरीही.